प्रॉम्प्टरशिवाय

इस्तारीला जन्मात एकही संवाद पाठ झाला नाही. नागभीडकडच्या त्याच्या गावात जाळं फेकण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, पण नाटकाचं पुस्तक हाती दिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. झाडीपट्टीच्या नाटकांत ते खपून जातं. पडद्याआड बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सोडतो, नट उचलतो. इस्तारीचा प्रॉम्प्टर हरिदास.

वीसेक वर्षांपूर्वी नागपूरच्या एका केबलवाल्याने 'एका चुलीवर' ही मालिका काढली. दोन पुरुष, एकमेकांवर जीव, एक संसार. आमच्याकडे असलं काही कोणी बापजन्मी पाहिलं नव्हतं. नट मिळेना, इस्तारी तयार झाला. कॅमेऱ्याखाली उकिडवा बसून हरिदास वाक्यं सोडायचा. प्रेमाचा शब्द न् शब्द इस्तारीने हरिदासच्या तोंडून ऐकला आणि त्याच्याकडेच बघून म्हटला. लोक म्हणाले, काय अभिनय. अभिनय कसला डोंबलाचा.

गावाच्या ते लवकरच ध्यानात आलं. नाटकं बंद असली की हरिदास इस्तारीच्याच घरी राहायचा. इस्तारीच्या बापाने, मुखरूने, एके सकाळी हरिदासची पेटी अंगणात फेकली.

"पुन्हा ह्या घराचा उंबरा चढशीन तं पाय तोडीन. माह्यासाठी तू मेला."

हरिदास इस्तारीकडे बघत उभा राहिला. त्याला एक शब्द हवा होता. आणि हा गडी, अंगवळणी पडल्यासारखा, हरिदासच काही सुचवेल म्हणून वाट बघत राहिला. हरिदास पेटी उचलून गेला. मोहर्लीला एका खानावळीत राहिल्याचं पुढे कळलं. इस्तारी कधी गेला नाही. जाऊन बोलायचं काय, हे सांगणारंच कोणी नव्हतं.

यंदा चंद्रपूरची दिव्यानी तीच मालिका नव्या पोरांसाठी मोबाइलवर आणायला निघाली. नट नवे, तरणे. इस्तारीला म्हणाली, "भाऊ, तुम्ही बापाचं काम करा. संवाद तुमच्या मनानं बोला." इस्तारी हो म्हणाला ते एकाच आशेवर. हरिदास पाहील, त्याला आपला आवाज ऐकू जाईल, कदाचित फोन करेल.

कॅमेरा सुरू झाला. बाप पोराला घराबाहेर काढतो तो प्रसंग, पोरगा उंबऱ्यावर उभा. इस्तारीने सवयीने मान कलती करून कान दिला. कोणीच काही सोडलं नाही. मग त्याचं तोंड आपोआप उघडलं, आणि मुखरूचे शब्द मुखरूच्याच आवाजात बाहेर पडले, एकही न चुकता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यानी म्हणाली, "भाऊ, आधी थांबलात ते काय जबरदस्त होतं." इस्तारी भाताच्या तणशीच्या ढिगामागे जाऊन ढसाढसा रडला.

मालिका आली. ज्या गावाने वीस वर्षं त्याला पंगतीत शेवटी बसवलं, तेच गाव आता पारावर बोलावून सांगू लागलं, "बापानं असंच बोलाव लागते, बरोबर बोलला भाऊ." बिचारा मान डोलवायचा.

एका दुपारी फोन वाजला. आवाज त्याने लगेच ओळखला.

"पाह्यलं मी," हरिदास म्हणाला. "त्या दिवशी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. तुले एक शब्द नाई आला. बापाचं मात्र सारं पाठ हाय तुले."

इस्तारीने फोन कानाशी घट्ट धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, आत्ता, लगेच. तो मान कलती करून थांबला. पलीकडे हरिदासही थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने फोन ठेवला.