मंदाताईंचे काळे केस

मंदाताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी डोक्याकडे. पहिल्यांदा माझ्या दारात आल्या तेव्हाही तेच. डोक्याला सुती ओढणी घट्ट गुंडाळलेली, भुवया जवळजवळ नाहीतच आणि नजर थेट माझ्या भांगावर. मला वाटलं, विरजण मागायला आल्या असतील. तर म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका, पन हे केस तुमचे मूळचे का लावलेले?"

आता साठीला टेकलेल्या बाईला पहिल्याच भेटीत असं कुणी विचारतं का? आधीच मी तोंडाची फटकळ. "रंगवते मी, बरं मग?" म्हणून तोडून टाकलं. त्यांना राग तर आला नाहीच, उलट चेहरा खुलला. "मग झालं," म्हणाल्या. "माझे आले का मला शिकवा."

नाशकातल्या इंदिरानगरात आमच्या समोरचा फ्लॅट या लोकांचा. दिंडोरीच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग. मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅट घेतला, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला गेली आणि फ्लॅट कुलपात पडला. ते कुलूप उघडलं ते मंदाताईंच्या आजारपणासाठी. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. दवाखाना जवळ पडावा म्हणून त्या इथे राहायच्या. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, बाग आणि बायको यांच्यामध्ये मोटारसायकलवर फेऱ्या मारायचे. मुलगी, कोमल, शनिवार-रविवार यायची.

बाईंची भाषा सगळी बागेची. केमोला त्या केमो कधीच म्हणाल्या नाहीत. "माझी खरड छाटणी चाललीय," म्हणायच्या. उन्हाळ्यात द्राक्षाची वेल पार बोडकी करतात, ती खरड छाटणी. मग तिला नवी फूट येते. "शहरातला मानूस बोडकी बाग बघतो आन् म्हनतो, गेली. आपल्याला ठावं असतं, मूळ जितं हाय."

मी विचारलं, "मूळ जितं आहे हे कळतं कशावरून?"

"ते नाय कळत," चहात बिस्किट बुडवत त्या म्हणाल्या. "फूट निघाली का समजायचं. आन् कवाकवा फूट निघूनबी वेल मरती."

त्यांनी बिस्किट खाल्लं. माझा चहा मात्र तसाच राहिला.

केस आले ते दिवाळीच्या सुमारास. आधी कापसासारखी लव, मग बोटाच्या पेराएवढे. करडे-पांढरे आणि कुरळे. पूर्वी त्यांचे केस सरळ, काळेभोर आणि कमरेखाली होते म्हणे. मंदाताई आरशात बघून म्हणाल्या, "हे माझं डोकं नाय. कुना म्हातारीचं आनून बसवलंय." आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून काळ्या मेहंदीची पुडी घेऊन माझ्याकडे हजर. डॉक्टरांनी तर केमो संपल्यापासून काही महिने डोक्याला काही लावायचं नाही म्हणून बजावलेलं.

"हे काय लावायचं थोडंच हाय," त्या म्हणाल्या. "मेहंदी म्हंजे झाडाचा पाला."

मी पुडी हातातून ओढून घेतली. पाल्याने केस लाल होतात, काळे कुठून होणार? ही असलीच काळी मेहंदी लावून माझ्या नणंदेचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. "फवारणीचं औषध घेताना बाटलीवरचा विषाचा त्रिकोण बघता ना? लाल आहे का पिवळा?" मी म्हटलं. "मग ही पुडी काय देवाचा अंगारा आहे?" त्यांनी लहान मुलीसारखी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमी आमच्या बागेवर सुपरवायझर पायजे व्हत्या."

एवढी घाई कशाची होती, ते मला पंधरवड्याने कळलं. कोमलला स्थळ आलं होतं. माणसं कळवणची, मुलगा नाशकात कंपनीत. कोमलने त्याला आधीच पाहिलेलं होतं, आवडलेलाही होता. आता मोठी माणसं बघायला येणार होती. आणि मंदाताईंनी घरात सगळ्यांना शपथ घातली होती, आजाराचा शब्द कुणी काढायचा नाही.

मी म्हटलं, "सांगून टाका की. चोरी केलीय का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच जरा वरमले. "वहिनी, मला शिकवू नका. माझ्या पुतन्याला मुलगी बघत व्हतो. लय गुनाची पोरगी. कुनी तरी कानात सांगितलं, तिची आय ह्याच आजारानं गेली. मीच म्हनले, नको. उद्या हिलाबी झालं तर आपल्या पोरानं काय दवाखान्यात बसायचं का?" मग पदर ओठांवर धरून म्हणाल्या, "मी म्हनले व्हते. ह्या तोंडानं. मग दुसरे काय म्हनतील, ते मला ठावं नाय व्हय?"

मी डॉक्टरांना फोन केला. आता हरकत नाही, पण सौम्य रंग घ्या, कानामागे थोडा लावून बघा, असं ते म्हणाले. कानामागे काही उठलं नाही, आणि पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी त्यांना माझ्या गॅलरीत स्टुलावर बसवलं. खांद्यावर जुनी साडी, खाली वर्तमानपत्र. मी हातमोजे चढवले तशा त्या हसल्या. छाटणी झाल्यावर डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून वेलीच्या काडीला एक पेस्ट लावतात, तीही अशीच हातमोजे घालून. "दाबू नका. काडीला लावा, बुंध्याला नको," असं मलाच शिकवायला लागल्या. केस इतके मऊ होते की ब्रशखाली कवटी लागत होती.

डोकं धुऊन पुसलं. त्या आरशाकडे गेल्या नाहीत. मलाच विचारलं, "जिती दिसते का?"

"दिसता," मी म्हटलं. आणि खरंच दिसत होत्या. आखूड काळे कुरळे केस, कपाळाला कुंकू. 'हल्लीची फॅशन, कोमलने कापायला लावले,' असं पाहुण्यांना सांगायचं ठरलं. मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, सावळ्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन घास जास्त खाल्ले आणि सुपारी फुटली. माल निघाला की एप्रिलमध्ये लग्न, असं ठरलं. आमच्याकडे बागायतदारांची लग्नं द्राक्षं विकल्यावरच होतात.

त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी माझ्या गॅलरीत हा कार्यक्रम. मुळाशी पांढरं दिसलं की बाई बेचैन. जानेवारीत आभाळ भरून आलं. त्या दिवसांत ढग आले की द्राक्षवाल्याच्या घरात कुणी धड जेवत नाही. पण मंदाताई त्या वेळी आभाळाकडे बघतसुद्धा नव्हत्या. स्टुलावर बसताना एक हात भिंतीला लावायच्या. उठताना दोन. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंबर धरलीय, थंडी हाय ना." मला ते पटलं नाही. थंडीने धरलेली कंबर माणूस अशी लपवत नाही.

मग एका सकाळी त्या आल्या आणि बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, "वहिनी, परत आलंय. मनक्यात हाय, अन् पोटातबी. परत छाटायचं म्हनतात."

मी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. "कधीपासून?"

"ते म्हनतात, ह्याच आठवड्यात. मी सांगितलं, लगीन लागलं का दुसऱ्या दिवशी येते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिल्या इंजेक्शनानंतर पंधरा-वीस दिवसांत केस जाणार. एप्रिलमध्ये मांडवात त्या पुन्हा बोडक्या बसणार. तेवढ्यासाठी ही बाई तीन महिने थांबणार होती.

मी ओरडले. शेजारधर्म वगैरे सगळं बाजूला ठेवून ओरडले. "तुमच्या बागेवर पाऊस पडून गेला आणि नाना म्हणाले, फवारणी लग्नानंतर करू, तर काय कराल तुम्ही?"

"मुस्काटात मारीन."

"मग?"

त्या चौकटीपासून सरळ झाल्या. "बाग एक साल गेली तर पुढल्या सालाला येती, वहिनी. पोरीची सुपारी फुटून लगीन मोडलं, तर तिच्या नावाला जे लागतं ते कोन्त्या पावसानं धुतं?"

मी म्हटलं, केसांचा टोप घाला. चांगले टोप मिळतात, जवळून बघितलं तरी कळत नाहीत. तर म्हणाल्या, देवकाच्या दिवशी नवरीबरोबर आईबापालाही पाटावर बसवतात. भावकीतल्या सवाष्णी डोक्यावर तेल घालतात, चोळतात, वरून पाणी ओततात. पाचजणींचे हात डोक्यात. "टोप त्यांच्या हातात यील. साऱ्या गावासमोर." आणि मग, अगदी शांतपणे, "कोमलला कळता कामा नये. तिला कळलं तर ती मांडवात उभी राहनार नाय. आन् नंतर कळलं तर जन्मभर सोताला खाईल. तुमच्या गळ्याची आन हाय."

खाली पार्किंगमध्ये मी नानांना गाठलं. म्हटलं, तुम्ही नवरे आहात की कोण? दुहेरी हाडाचा धिप्पाड माणूस, मोटारसायकलला टेकून रडायला लागला. "पाया पडलो तिच्या," म्हणाले. "काय करू? उचलून नेऊ का दवाखान्यात?" डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या दिल्या होत्या, आणि लवकर या, असं प्रत्येक वेळी सांगत होते. मी तीन वेळा भांडले, चौथ्यांदा भांडायला तोंड उघडलं तर मंदाताईंनी माझ्या हातात रंगाची ट्यूब ठेवली. मी रंग लावला. दुसरं काही त्या माझ्याकडून घेतच नव्हत्या.

लग्नाला मी दोन दिवस आधी गेले. देवकाच्या सकाळी अंगणात पाट मांडले, मध्ये कोमल, एका बाजूला नाना, एका बाजूला मंदाताई. बायकांनी गाणी धरली आणि तेलाची वाटी फिरायला लागली. आदल्याच दिवशी मी रंग लावला होता. तो तेलाबरोबर उतरून कपाळावर ओघळला तर काय, या भीतीने मी श्वास धरून उभी. जावांनी डोकं खसाखसा चोळलं. एक जाऊ म्हणाली, "अगं मंदे, आमची पार पिकली, तुझे अजून कसे काळे?" मंदाताई हसल्या. वरून पाण्याचा तांब्या ओतला. पाणी स्वच्छच खाली आलं.

मग त्यांना उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं आणि 'गुडघे गेले वाटतं नवरीच्या आईचे' म्हणून सगळ्या हसल्या. माझ्याकडे पाठ होती, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही. ओल्या लुगड्यातून पाठीची हाडं तेवढी दिसली.

लग्न थाटात लागलं. पाठवणीला कोमल गळ्यात पडून रडली, मंदाताई रडल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. गाडी गेल्यावर नानांनी त्यांना उचलूनच आत नेलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचा शब्द त्यांनी पाळला. पण पहिलं इंजेक्शनच शरीराला झेपलं नाही. कावीळ झाली, मग ताप, मग आय.सी.यू. केस गळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. घरी आणलं तेव्हा मुळाशी पांढरी रेघ उमटली होती. हिरवी साडी, मळवट, गजरा. बायका एकमेकींना म्हणत होत्या, भाग्याची गं, सवाष्ण गेली, काळे केस घेऊन गेली. मला त्या बायकांना हाताला धरून घराबाहेर काढावंसं वाटत होतं. कसलं भाग्य आणि कसलं काय.

दहाव्याला घरात गर्दी होती. कोमल सगळ्यांना चहा देत फिरत होती, सुजलेल्या डोळ्यांनी. कळवणच्या विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या समोरच्या? विहीणबाई तुमचं नाव फार काढायच्या." मग आवाज खाली आणला. "आता त्या नाहीत म्हणून बोलते. त्यांच्या आजाराचं आम्हाला सुपारीच्या आधीच कळलं होतं. सोयरीक करायची म्हणजे चौकशी होतेच. दिंडोरीच्या स्टँडवर पहिल्याच माणसानं सांगितलं."

"आणि तरीही हो म्हणालात?" मी विचारलं.

"आमचे हे म्हणाले, पोरगी चांगली आहे, मुलांची मनं जुळलीत. आजार काय, आपल्या घरी येणार नाही असं कोण सांगतो? विहीणबाई बोलल्या नाहीत, म्हणून आम्हीही विषय काढला नाही. बाईला उगाच कमीपणा वाटायचा." त्या डोळे पुसत होत्या. चांगली बाई. खरोखर चांगली. "पण ताई, एक कळत नाही. लग्नात चांगल्या दिसत होत्या. मग इतक्या लवकर कशा गेल्या? औषधपाणी चालू होतं ना?"

कोमल चहाचा ट्रे घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली होती. तिनेही माझ्याकडे बघितलं.

"चालू होतं," मी म्हटलं. "अगदी वेळच्या वेळी चालू होतं."