सत्तरीवरच्यांचा नियम

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

माझे वडील जन्मापासून ठाण्याच्या बाळकुमचे. लहानपणी मिठागरात, मग स्वतःच्या भातशेतात. जेवण सोडलं तर हा माणूस कधी बसलाच नाही. शेतावर टॉवर उभे राहिले, त्यातच आम्हाला घरं मिळाली. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले, अकराव्या मजल्यावर. सकाळ-संध्याकाळ खाली उतरायचे, आवारात फेऱ्या मारायचे, माळ्याला शहाणपण शिकवायचे. पाय ठणठणीत होते. हे लक्षात ठेवा — ठणठणीत होते.

एक दिवस त्यांनी गेटजवळची शोभेची झुडपं उपटली आणि तिथे वाल पेरले. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली कोणीतरी लिहिलेलं, ‘गावठी लोकांना आवरा.’ मला संताप आला — लिहिणाऱ्याचा नाही, बाबांचा. का? त्या लोकांनी मला आपल्यातलं मानावं, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. ते पडतील अशी भीती होती, असं मी मनाशी म्हणून बघितलंय. खोटं आहे ते.

दुसऱ्या दिवशी ते दाराशी चपला घालत होते. मी म्हटलं, “बाबा, सोसायटीने नियम केलाय. सत्तरीच्या वरच्यांनी एकट्याने खाली उतरायचं नाही.”

“कशाला गो?”

बाहेर भिंतीवर टाकी धुण्याची नोटीस लागलेली, इंग्रजीत. मी तिच्यावर बोट ठेवलं. “हे बघा, इथे लिहिलंय.” बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. आणि चपला काढल्या.

चार दिवसांनी खरं सांगू, असं ठरवलेलं. पण तक्रारी थांबल्या, आणि मला — काय सांगू — बरं वाटायला लागलं.

मी घरूनच काम करते; नवरा रात्री उशिरा यायचा, दिवसभर घरात आम्ही दोघंच. मीटिंग चालू असताना बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे. “बाबा, बसा ना, मागे दिसता तुम्ही.” मग तेही बंद झालं. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी सहा फुटांवर, माझ्या खुर्चीत. मीही बसूनच होते की — पण मला कोणी बसवलं नव्हतं.

कधीतरी विचारायचे, “मना जरा खाली नेतेस?” मी म्हणायचे, रविवारी. किती रविवार गेले असतील?

घोटे सुजायला लागले. अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. वय झालं, म्हटलं मी. आठेक महिन्यांनी डावी पोटरी लाल झाली, टणक, गरम. ठाण्यातल्या हॉस्पिटलात नेलं. पोटरीत रक्ताची गुठळी. डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे समजावत होत्या — पोटरी हा पायातला पंप असतो, चाललं की रक्त वर ढकललं जातं, तासन्‌तास बसलं की ते तिथेच साचतं. दर अर्ध्या तासाला उठायचं, चार पावलं टाकायची, तेही नाही जमलं तर बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या. इतकं साधं होतं ते.

मग त्यांनी विचारलं, “दिवसभर बसूनच असतात का?”

इथपर्यंत मी मनात खूपदा आलेय. याच्या पुढे कधी गेले नाही.

मी म्हटलं, “हो ना डॉक्टर. किती सांगितलं तरी उठतच नाहीत.”

बाबा शेजारीच व्हीलचेअरमध्ये होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, “माजाच आळस.”

त्यांना कळलेलं का? सगळं? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुठून आणणार होते?

गुठळी औषधांनी विरघळली. मी मोबाइलला अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर लावला. दोन्ही हात धरून त्यांना उठवायचे, स्वयंपाकघरापर्यंत नेऊन आणायचे. पण मांड्यांचं मांस गेलेलं. उभे राहिले की गुडघे थरथरायचे. जे पाय चिखलात दिवसभर रोवलेले असायचे, ते माझ्या गुळगुळीत लादीवर टिकेनात. एकदा व्हीलचेअरमधूनच खाली नेलं. वॉचमनला विचारलं त्यांनी, “नियम काढला क?” तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. “हो बाबा, काढला,” मी म्हटलं. बाबांनी त्याला हात जोडले.

पुढच्या वर्षी ते गेले. डॉक्टर म्हणाल्या, हृदय थकलेलं. मी ते कारण दोन्ही हातांनी धरलं. अजून धरलेलं आहे.

माझा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याची मुलगी कॉलेजात आहे, सुट्टीत लॅपटॉपसमोरून हलत नाही. मी त्यांच्याकडे गेले की तो हटकून तिला म्हणतो, “ऊठ गं जरा. आजोबांचं काय झालं माहितेय ना? शेवटी शेवटी जागचे हलायचे नाहीत. आळशीच झालेले. विचार आत्याला.”

ती माझ्याकडे बघते. मी मान डोलावते.