पाऊण फुटाचा संशय

माझ्या साळ्यासारखा संशयी माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही. असलाच, तर माझ्या साळ्याने त्याला आधीच पकडलं असेल. हा माझ्या बायकोचा मोठा भाऊ. जन्मभर तलावात डोंगा घालून मासे धरले. आता वय झालं, डोंगा सुटला, पण नजर अजून पाण्याखालीच. समोर जे दिसतं त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे, असं धरूनच तो चालतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही, म्हणून जसा आहे तसा सांगतो. फोन केला की आधी विचारतो, "कोन?" मी म्हणतो, मी. मग माझा आवाज ओळखूनही माझ्या बापाचं नाव विचारतो. मूल गावच्या बाजारात वांगी घेतली की ती दुसऱ्या दुकानाच्या काट्यावर नेऊन टाकतो, आणि दोन्हीकडे वजन सारखं भरलं तर म्हणतो, "हे दोघं मिळून हायत." जंगलात वाघाचे फोटो काढायला झाडांना कॅमेरे बांधले आहेत. त्यांच्यासमोरून जाताना हा दुपट्टा तोंडावर ओढून घेतो. मी विचारलं, "भाऊ, ते वाघासाठी हायत, तुमी काऊन लपता?" म्हणाला, "वाघाले नाव नाई, गाव नाई. माह्या फोटो कोनाले दाखवतीन त्याचा का भरोसा?" एकदा पंखा घ्यायला मी त्याला सोबत नेलं, तर दुकानदाराला चौथं पातं कुठे गेलं ते विचारत बसला. दुकानदार शेवटी पाणी प्यायला आत गेला तो बाहेरच आला नाही.

लग्नाआधी माझं घर पाहायला आला तेव्हाही चहाला हात न लावता थेट विहिरीवर गेला आणि तिच्यात बांबू सोडला. वर काढून म्हणाला, "छातीएवढं पानी हाय म्हनले होते. हे त कमरेएवढं हाय." तरी बहीण दिली. काऊन दिली, हे मी पुढे बायकोला विचारलं. ती हसून म्हणाली, "त्याले तुमच्यावर डाउट होता. पन बाकीच्यायवर जास्त होता."

बांबूशिवाय त्याचं काही चालत नसे. तलावाची खोली मोजायला त्याने एक सरळ बांबू तासला होता, मोहाच्या बियांचं तेल पाजलं होतं आणि फुटाफुटावर खाचा पाडल्या होत्या. टेप त्याला मान्य नाही. "टेप कारखान्यात बनते. कारखान्यातला एक तरी मानूस तुमच्या वळखीचा हाय का?" पाणी खोटं बोलत नाही, आणि बांबू पाण्यात बुडून आलेला, म्हणून बांबूही खोटं बोलत नाही, असा त्याचा हिशेब. एका साली या बांबूने दाखवलं की तलाव एकाएकी खोल झाला आहे. साळ्याने महिनाभर शेजारच्या गावावर आरोप केला की त्यांनी चोरून गाळ नेला. तलावाच्या पाळीवर जाऊन बैलगाड्यांची चाकोरीसुद्धा शोधली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घर बांधलं, ते याच बांबूने. मिस्त्रीला त्याने मापाच्या जवळ फिरकू दिलं नाही. भिंत नवव्या खाचेला लागली तेव्हाच त्याने मिस्त्रीचा हात धरला. म्हणाला, "नऊ फूट झाले. आता पुरे." वर मातीचे कवेलू होते. माकडांनी ते फोडून फोडून नको केलं, तेव्हा मी टिना टाकल्या.

गेल्या वैशाखात माझी बायको गेली. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी त्या टिनाखाली जाळं विणत बसायची. बाहेर निंबाखाली ये म्हटलं तर म्हणायची, एवढी ओळ झाली की येते. मीही दुसऱ्यांदा म्हणत नसे. तेरवीला महिना झाला असेल, तोच पंचायतीतून माणूस आला. घरकुल मंजूर झालं होतं, कागदासाठी जुनं घर मोजायचं होतं. त्याने टेप लावला आणि लिहिलं, सव्वाआठ फूट. साळा त्याच्या खांद्यावरून वाचत होता. तो माणूस गेल्यावर मला म्हणाला, "नऊ मी मोजून देल्ले होते, जवाई. पाऊन फूट कुठी गेलं?"

मी म्हटलं, "मले का मालूम?"

"टिना टाकताना विटांचे तीन थर काढले तुमी. मी इथी नोयतो, तवा."

"एक वीट नाई काढली, भाऊ."

"मंग का घर जमिनीत गेलं? टिनाची आग तिच्या डोक्यावर आली. त्या पाऊन फुटानं माही बहीन मारली."

त्या दिवसापासून त्याने माझा उंबरठा ओलांडला नाही. रोज यायचा, पण समोरच्या निंबाखाली उभा राहायचा आणि माझ्या टिनांकडे पाहायचा. गावात बाकीचे लोक माझ्याशी पाण्यापावसाचं बोलत. तिला लहानपणापासून पाहिलेला हा एकच माणूस उरला होता, आणि तोच मला चोर समजत होता. मला नवीन घरापेक्षा हे जास्त हवं होतं की त्याने माझ्यावर एवढा एक संशय धरू नये. बाकीचे कितीही धरावे.

जुन्याला लागूनच नवीन घराच्या भिंती खिडकीच्या वर गेल्या, तेव्हा स्लॅब किती उंचीवर टाकायचा हे ठरवायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "दहा ठेवू, बाबाजी. सगळ्याईचे दहाच रायते." निंबाखालून आवाज आला, "अकरा."

मिस्त्री म्हणाला, "अकरा केले त पंख्याची हवा खाली येत नाई."

"हवेले खाली याले का बस लागते?" साळा रस्ता ओलांडून आला, पण पायरीवर थांबला. "दहा म्हनते अन सव्वानऊ करते. मले सारं मालूम हाय. अकरा सांगा, मंग दहा तरी भेटतीन."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अकरा कर. विटा जास्त लागल्या, मिस्त्री कुरकुरला. साळा रोज भिंतीचे थर मोजायचा, आणि मिस्त्री जेवायला बसला की परत पहिल्यापासून मोजायचा. स्लॅब पडला. वर आळी करून पाणी भरून ठेवलं. पुढे मिस्त्रीने खालच्या टेकूच्या बल्ल्या काढल्या, त्या दिवशी भर दुपारी साळा बांबू घेऊन आला. इतकी वर्षं बांबू त्याच्या घरी आढ्याला बांधून होता. दारातून आडवा घुसेना, तेव्हा तिरपा करून आत घेतला. खोलीच्या मधोमध उभा केला आणि मान वर करून खाचा मोजल्या. मग परत मोजल्या.

"पावनेबारा," तो म्हणाला. "मिस्त्री, पाऊन फूट जास्त काऊन देल्लं?"

मिस्त्री म्हणाला, "अकराच हाय, भाऊ."

"जास्त देनारा मानूस काई तरी लपवते. का लपवलं, बोल."

मिस्त्रीने टेप काढला आणि बांबूच्या बुडाशी धरला. पहिली खाच जमिनीपासून एक फुटावर हवी होती. ती चार बोटांवर, म्हणजे तीन इंचांवर होती.

"बूड तुटलं हाय याचं," मिस्त्री म्हणाला.

"तुटलं नाई, मीच कापलं," साळा तावातावाने म्हणाला. "चिखलात सडलं होतं. जवायाचं घर बांधलं ना, त्याच्या आदल्या साली…"

तिथे तो थांबला. त्याचा हात बांबूवर नवव्या खाचेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. माझं घर पहिल्या दिवसापासून सव्वाआठच होतं. मी पाहत होतो. आयुष्यभर दुसऱ्याची चोरी पकडलेला माणूस, त्याला स्वतःची सापडली, तेव्हा ती कोणाला दाखवावी हे त्याला कळेना. मिस्त्री शहाणा, टेप गुंडाळून बाहेर निघून गेला.

मी म्हटलं, "भाऊ, ते तीन थर मीच काढले होते. टिना बराबर बसत नोयत्या. मी तुमाले खोटं बोललो."

असं लंगडं बोलणं त्याने जन्मात कोणाचं सोडलं नव्हतं. कोणत्या मिस्त्रीने काढले, विटा कुठे टाकल्या, कोणी पाहिलं, एवढं विचारलं असतं तरी मी उघडा पडलो असतो. चार भिंतींचे तीन थर म्हणजे विटांचा ढीग होतो, आणि आमच्या गावात ढीग लपत नाही. त्याला हे माझ्याहून जास्त माहीत. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. बांबू भिंतीला टेकवला आणि तिथेच कच्च्या जमिनीवर बसला. मी शेजारी बसलो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वर स्लॅबवर पाणी होतं, आणि खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता.

तो म्हणाला, "थंड लागते इथी."

मी म्हटलं, "लागते."

खोली थंड लागते, हे जिला सांगायचं होतं, तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.