काकांचा आवाज आणि माझी फास्ट डिस्क

हे लिहायला बसलोय याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. वडील डोंबिवलीला एमआयडीसीत वेल्डर आहेत, आई ठाकुर्लीत दोन घरी पोळ्या करते. दोघांनी स्वतःबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि लिहिण्यासारखं त्यांच्यावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुदरलंय. तरी लिहितो, कारण झालेली गोष्ट मी अजून कोणाला सलग सांगू शकलेलो नाही. सांगायला लागलो की अर्ध्यात मी स्वतःचीच बाजू घ्यायला लागतो.

ठाण्यात आमच्या कॉलेजात सरांचा एक छोटा प्रकल्प आहे. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. मग त्यावरून असा प्रोग्रॅम तयार करायचा, की त्या माणसाने मोबाइलवर टाइप केलं की मोबाइल त्याच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डिंग थेट लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवर जातं. पेशंटचा आवाज बाहेरच्या कुठल्याही कंपनीकडे ठेवायचा नाही, हा सरांचा नियम. सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी हुशार होतो म्हणून नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, असा वर्गात मीच होतो.

बॅकअप एका जुन्या हार्ड डिस्कवर व्हायचा. संध्याकाळी पाचला सुरू केलेली कॉपी सकाळी रेकॉर्डिंगच्या वेळीही चालूच असायची, आणि सर्व्हर इतका मंद व्हायचा की माणसाचं वाक्य मध्येच तुटायचं. ज्याच्याकडे बोलायला थोडेच दिवस उरलेत, त्याला "काका, परत एकदा" म्हणायची मला लाज वाटायची. गणपतीच्या आधी सर म्हणाले, "एक फास्ट एक्स्टर्नल डिस्क निवड. तीन दुकानांची कोटेशन्स आण."

मी ते काम फार मनापासून केलं. स्टेशनजवळची दुकानं फिरलो. एका दुकानदाराने विचारलं, "गेमिंग करतोस काय रे?"

"नाही, बॅकअपसाठी हवीय."

"बॅकअपला कोण फास्ट घेतं? काय आग लागलीय?"

मी हसून कोटेशन मागितलं. घरी येऊन तक्ता केला. खोक्यावर लिहिलेला वेग पहिल्या काही मिनिटांपुरताच असतो, मग डिस्क तापते आणि वेग पडतो, हे वाचलं. सर्व्हरच्या पुढचे यूएसबी पोर्ट जुने आहेत आणि मागचा एकच पोर्ट वेगाचा आहे, हे शोधून काढलं. सोबत येणारी केबल आखूड असली तरी तीच वापरायची, हेही लिहिलं. आमच्या घरात कोणी कुठली वस्तू तक्ता करून घेतली नव्हती. वडिलांनी तो कागद दोन्ही हातांत धरून बघितला आणि परत दिला. मला वाटलं, मी शिकलोय.

डिस्क आली. तळहाताएवढी काळी डबी, तिच्यावर एक निळा दिवा. लॅब झाडायला येणाऱ्या मावशींचं झाडून व्हायच्या आत कॉपी संपायची. सरांनी पाठ थोपटली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लिनक्समध्ये बाहेरच्या डिस्कला नुसती केबल लावून भागत नाही, कमांड देऊन ती एका रिकाम्या फोल्डरला जोडून द्यावी लागते. जोडली की त्या फोल्डरमध्ये टाकलेलं सगळं डिस्कवर जातं. नाही जोडली तरी फोल्डर असतोच, आणि त्यात टाकलेलं मुकाट्याने सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर पडतं. कोणी ओरडत नाही. सर्व्हर सुरू होताना हे जोडणं आपोआप व्हावं म्हणून एका फाइलमध्ये तसं लिहून ठेवता येतं, पण त्या फाइलमध्ये चूक झाली तर सर्व्हर सुरूच होत नाही, असं मी वाचलेलं. सरांना विचारायचं धाडस झालं नाही. सर्व्हर सुरू केला की मी हातानेच जोडत होतो.

खंडेनवमीला लॅबची पूजा झाली. यंत्रांना एक दिवस विश्रांती म्हणून सर्व्हर बंद केला. मावशींनी केबल काढून डबी पाटावर घेतली, तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. प्रसाद झाल्यावर मी केबल परत लावली आणि सर्व्हर चालू केला. निळा दिवा लागला. मी घरी गेलो. फोल्डरला जोडायचं राहिलं.

दसऱ्यानंतर रेकॉर्डिंगला बाळकुमचे काका यायला लागले. जुने तिथलेच. वाडवडील मिठागरात राबलेले, आता त्या जागी टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकात ते राहतात. सोबत काकी. ऑपरेशन दिवाळीच्या आधी ठरलेलं. सरांनी वाक्यांची यादी दिली होती. पहिलंच वाक्य: कृपया मला पाणी द्या.

काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आमचे घरान मी कृपया बोललो, तं बायको डॉक्टरला बोलवंल."

"शिव्या पन भर त्यान," काकी मला म्हणाल्या. "शिव्या नाय दिल्या तं मना वाटंल दुसराच कोन बोलतंय."

मग यादी बाजूला ठेवून काका आपल्या बोलीत बोलले. पाणी आन. दार लाव. जेवलास कं. नातीला हाक मारली, तीन तऱ्हांनी: लाडाने, रागाने, आणि खाली खेळत असेल तर गॅलरीतून मारतात तशी. गॅलरीतल्या हाकेनंतर बराच वेळ खोकले. मी थांबूया म्हणालो, तर हाताने 'चालू ठेव' अशी खूण केली. शेवटच्या दिवशी जाताना म्हणाले, "पोरा, नीट ठेव हां. आता दुसरा काय नाय मजकडं."

"ठेवलंय काका," मी म्हणालो. "दोन ठिकाणी."

त्याच आठवड्यात मावशी केर काढता काढता म्हणाल्या, "अरे, तुझ्या त्या डबीचा दिवा हल्ली लुकलुकत नाय रे. नुसता बघत बसतो."

"मावशी, फास्ट डिस्क आहे ती. तुम्ही वाकेपर्यंत तिचं काम उरकतं."

"बरं बाबा. तू शिकलेला." आणि त्या हसल्या.

रोज सकाळी मी नोंद बघायचो. कॉपी पूर्ण, असंच लिहिलेलं असायचं. खोटं नव्हतं ते. कॉपी होतच होती, त्याच सर्व्हरच्या पोटात. एकदाही मी त्या डबीवरची एक फाइल उघडून ऐकली नाही. माझ्या तक्त्यात वेगाचा रकाना होता, किमतीचा होता, केबलच्या लांबीचासुद्धा होता.

काकांचं ऑपरेशन झालं. सुट्टीनंतर लॅब उघडली, तर सर्व्हरमधून टक टक असा आवाज येत होता. आतली डिस्क गेली होती. मी घाबरलोसुद्धा नाही. मी सरांना म्हणालो, "काळजी नको सर, बॅकअप आहे." डबी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. शेवटची तारीख खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची होती. काकांचं फोल्डर नव्हतं.

सरांनी डबीवरची यादी स्वतः वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, "मीही तपासायला हवं होतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बिघडलेली डिस्क डेटा परत काढून देणाऱ्यांकडे पाठवली. काही सांगता येत नाही, वाट बघा, असं तिकडून कळलं.

वाट बघण्याच्या दिवसांत काकींचा फोन आला, म्हणून मी बाळकुमला गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो. काकांच्या गळ्याशी भोक होतं, त्यावर जाळीचा रुमाल. मांडीवर नातीची पाटी. त्यांनी लिहिलं: कवा बोलनार मी?

"थोडं काम बाकी आहे काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पाटी पुसली आणि लिहिलं: चा घे. काकींनी चहा आणला. मी तो प्यायलो. आतून नातीने काहीतरी विचारलं, काकांनी उत्तर म्हणून टाळी वाजवली, ती आली नाही, त्यांनी पुन्हा वाजवली. एवढं ऐकूनही मी खरं बोललो नाही. ठाकुर्लीला परत येईपर्यंत मला फक्त एकच वाटत होतं, की मी या कॉलेजात यायलाच नको होतं. वडिलांबरोबर वेल्डिंगला गेलो असतो तर निदान सांधा पक्का आहे की नाही ते ठोकून बघायला शिकलो असतो.

त्यानंतर महिनाभर फोन वाजला की मी तो घेऊन जिन्यात जायचो. आईने विचारलं, "कोणाच्या पोरीचं लफडं आहे का रे?" मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

काल दुपारी सरांचा फोन आला. ते नेहमीसारखंच सावकाश बोलत होते.

"डिस्क पाठवली होती त्यांचं उत्तर आलं. काकांच्या फाइलींची नावं निघालीयत, सगळी. आत काही नाही. मी एकेक उघडून बघितली. आता यापुढे काही करता येणार नाही असं त्यांनी लेखी दिलंय. मी उद्या बाळकुमला जातोय. तू येशील?"