गुरुवारी डॉक्टर अभ्यासाला बसतात

सर्व संबंधितांस, म्हणजे आष्ट्याच्या बाजारपेठेत ज्यांना कधी ना कधी ताप, खोकला किंवा नुसतीच शंका आली अशा समस्त स्त्री-पुरुषांस, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आमचे डॉक्टर शेवटपर्यंत पास झाले नाहीत.

हे माझं मत नव्हे, गावाचं. त्याला कारण एक पाटी. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दारावर लिहिलेलं असे : ‘गुरुवारी दुपारी दवाखाना बंद. डॉक्टर अभ्यास करत आहेत.’ समोरच माझं औषधांचं दुकान, त्यामुळं पाटीपाशी अडखळलेली माणसं खुलाशासाठी माझ्याकडं येत. कडेगावाहून लेकीकडं आलेले एक म्हातारबाबा पाटी दोनदा वाचून म्हणाले, “केस पांढरं झालं की त्यांचं. आजून अभ्यासच? पास कवा व्हनार?” मी चेहरा पाडून सांगितलं, प्रयत्न चालू आहेत. बाबा हळहळले आणि रिक्षा करून दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. संध्याकाळी हा किस्सा मी डॉक्टरांना साभिनय करून दाखवला. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, “खरं तेच सांगितलंत, बापू.”

वास्तविक ते मिरजेत शिकलेले एम.डी. फिजिशियन. पण डिग्रीची चौकट त्यांनी कपाटामागं ठेवली होती आणि कपाटात नियतकालिकं. दर महिन्याला पोस्टमन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जाडजूड वैद्यकीय अंक आणून टाकायचा. पुढं सगळं मोबाइलवर आलं, तरी महत्त्वाचं ते छापून घेत, कारण पेन्सिलीशिवाय त्यांना वाचता येत नसे. समासात उद्गारचिन्ह एकही नाही, सगळी प्रश्नचिन्हं. मी एकदा विचारलं, एवढं काय असतं त्यात? तर म्हणाले, देशोदेशीच्या डॉक्टरांनी हजारो रोगी तपासलेले असतात, ते सगळं चाळून जाणत्यांची समिती लिहिते की कुणाला काय द्यावं, कुणाला देऊ नये. त्याला गाइडलाइन म्हणतात. “माझ्या दवाखान्यात येतात पन्नास माणसं. पन्नासांवरून शहाणपण आलं असं वाटतं, ते खरं नसतं.”

त्यांचा एक प्रश्न गावभर प्रसिद्ध होता. कुणी म्हणालं, अमक्या पाल्याच्या रसानं डेंग्यू बरा होतो, किंवा हळदीच्या लेपानं गुडघे धावायला लागतात, की डॉक्टर अगदी मऊ आवाजात विचारत, “आणि ज्यांना दिला नाही, त्यांचं काय झालं?” बस. समोरच्याची गाडी तिथंच पंक्चर. आमच्या कबड्डी संघाचा कर्णधार सांगत होता की देवळात नारळ फोडून गेलं की सामना जिंकतोच. डॉक्टरांनी विचारलं, नारळ न फोडता किती खेळलात? कर्णधार आठवत बसला. पुढचा सामना संघानं केवळ ज्ञानासाठी नारळाशिवाय खेळला आणि हरला. त्यानंतर संघाच्या तालीम मंडळानं वर्गणी मागायला डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवलं नाही.

धंद्याच्या दृष्टीनं हा माणूस म्हणजे आपत्ती होती. ऊसतोडीच्या हंगामात अंग मोडून आलेली माणसं ‘सलाईन लावा’ म्हणत, तीही पिवळी, कारण पिवळीत ताकद असते. डॉक्टर त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत आणि पाव तास समजावून सांगत. माणसं मान डोलावत ऐकून घेत आणि पुढच्या गल्लीत जाऊन पिवळी सलाईन लावून घेत. त्यावर कडी म्हणजे त्यांचं ‘बघून सांगतो’. रोग्यानं विचारलं आणि उत्तर पक्कं ठाऊक नसलं, तर डॉक्टर बेधडक म्हणत, “मला माहीत नाही. बघून सांगतो.” आणि खरोखर बघून, चार दिवसांनी बाजारात गाठून सांगत. आमच्याकडं ज्योतिष्यालासुद्धा ‘माहीत नाही’ म्हणायची सवलत नाही, तिथं हे डॉक्टर.

आता ती बारकी गोळी. रक्त पातळ राहावं म्हणून रोज एक घ्यायची असते, ती. डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं पन्नाशी-साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांनाही ती चालू केली होती. हृदयाला जपते म्हणून. पोटात रक्तस्राव होऊ शकतो हे तेव्हाही माहीत होतं, पण फायदा जास्त, असं तेव्हाचे अंक सांगत. एका गुरुवारी नवी गाइडलाइन आली. ज्यांना हृदयाचा आजार झालेलाच नाही, अशा वयस्कांना या गोळीनं फायद्यापेक्षा धोका अधिक. डॉक्टरांनी एका कागदावर विश्वास ठेवला नाही. तीन गुरुवार वाचलं. चौथ्या गुरुवारी जुने केसपेपर काढून बसले. त्यात त्यांना आक्काताई सापडल्या.

आक्काताई म्हणजे मंडईत हिरवी मिरची विकणारी बाई, जिच्याशी भाव करण्याची हिंमत मिरचीतही नव्हती. आदल्या वर्षी त्यांना शौचाला काळं होऊन चक्कर आली, सांगलीला नेऊन रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. गोळी तिथंच बंद झाली. दोष मात्र सगळ्यांनी एकमतानं ठेच्याला दिला आणि सुनेनं घरातला खलबत्ता माळ्यावर टाकला.

डॉक्टर मला म्हणाले, पहिल्यांदा त्यांच्याकडं जातो. मी उडालोच. म्हटलं, त्यांची गोळी तर बंद आहे. आता सांगून कुणाचं भलं होणार? बाकीच्यांना हळूच सांगा, दुसरी लिहून देतो म्हणा. आपणच दिलं आणि आपणच चुकलो, असं एकदा बोललात की बाकावर माणूस दिसायचा नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यांना वाटतंय ठेच्यानं झालं. खोटं कारण घेऊन त्या जगतायत, बापू.”

मी मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, तमाशा बघायला गेलो. डॉक्टर ओसरीवर बसले आणि सरळ म्हणाले की तुमचा रक्तस्राव बहुधा माझ्या गोळीनं झाला, तुम्हाला तिची गरज नव्हती, चूक माझी. आक्काताईंनी मिरच्यांची टोपली बाजूला सारली. माझ्या डोळ्यांपुढं मोर्चा, दगड, पंचायत, सगळं येऊन गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हंजे ठेच्याचा काय दोष न्हवता?”

“ठेच्याविरुद्ध पुरावा नाही,” डॉक्टर म्हणाले.

आक्काताईंनी सुनेला हाक मारली. खलबत्ता माळ्यावरून उतरला. प्रायश्चित्त म्हणून डॉक्टरांना भाकरीबरोबर तो ठेचा खावा लागला, आणि त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते कशाचं, हे मी ठरवू शकलो नाही.

पुढं महिनाभर डॉक्टर, ज्यांना गरज नव्हती त्यांची गोळी बंद करत, स्कूटरवरून घरोघर फिरले. आणि इथं मी माझा पराक्रम केला. असला किस्सा हाती लागल्यावर मी गप्प बसणं शक्य होतं का? गिऱ्हाइकागणिक मी तो रंगवला. ‘डॉक्टरांनी बारकी गोळी रद्द केली!’ टाळ्या घेतल्या. मग एका गुरुवारी आमचे सुभेदार आले. फौजेतून निवृत्त, हृदयात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेले. ब्लडप्रेशरची गोळी घेतली, बारकी घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ती तर बंद झाली ना, फेकून दिली. ज्याच्या हृदयात स्प्रिंग आहे त्याला ती गोळी हवीच, हे मला, दुकानदाराला, माहीत होतं. किस्सा रंगवताना तेवढं गाळलं होतं.

त्या बंद दारावर मी जन्मात पहिल्यांदा गुरुवारी थाप मारली. डॉक्टर पेन्सिल तशीच कानावर ठेवून माझ्याबरोबर सुभेदारांच्या घरी निघाले. सुभेदार ऐकायला तयार नव्हते. हुकूम सगळ्या पलटणीला एकच असतो, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर त्यांच्या खाटेवर टेकले. म्हणाले, “सुभेदार, हा हुकूम नाही. माणूस बघून लागू होतो. तुमचं हृदय एकदा दुखलंय, तुम्हाला ही गोळी जन्मभर.” सुभेदारांनी माझ्यासमोर गोळी घेतली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली, सुदैवानं सगळं ठीक निघालं. परत येताना मी शिव्यांची वाट बघत होतो. डॉक्टर एवढंच म्हणाले, “गोष्ट रंगवा, बापू. पण कुणाला लागू आहे, ते आधी सांगत जा.” तेव्हापासून आजतागायत मी गोळी देताना ते आधी सांगतो. गिऱ्हाइकं कंटाळतात.

माझं भाकीत मात्र खरं ठरलं. ‘त्यांचं त्यांनाच कळंना’ म्हणून माणसं तुटली. कित्येक महिने बाकावर ऊन येऊन बसे आणि जाई. डॉक्टर म्हणत, वाचायला वेळ मिळतोय. पण दवाखाना उघडा असण्याच्या वेळीही ते दारात उभं राहून रस्त्याकडं बघत, हे मी काउंटरवरून बघितलंय. काही माणसं परतली, काही कधीच नाही. आक्काताई मात्र सर्दी झाली तरी मंडई ओलांडून त्यांच्याकडंच जात.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. मंगल कार्यालयात शोकसभा झाली. पुढच्या गल्लीतले पिवळ्या सलाईनवाले डॉक्टरही आले होते, पहिल्या रांगेत. अध्यक्ष माइक हातात घेऊन म्हणाले, इतक्या वर्षांच्या सेवेत या देवमाणसाच्या हातून एकही चूक झाली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, किस्से सांगणाऱ्याला सभेचं भान असतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूला खुर्ची सरकली आणि मंडईतला तो आवाज माइकशिवाय अख्ख्या कार्यालयात घुमला.

“आवं, चुकलं हुतं की! माज्या घरी येऊन सांगून गेलं. दुसरं कोन आलंय का कवा?”