पोपटी पातळावर नारंगी झंपर

ओट्यावर बसणाऱ्या बुड्यांजवळ किस्से असे साचतात बाप्पा, का एक सांगाले गेलं तर दुसरा मधातच तोंड घालते. अमरावतीच्या राजापेठेतल्या मंदिराच्या ओट्यावर आमी रोज संध्याकाळी बसतो. अन् आमचे सारे किस्से माह्या मैत्रिणीच्या, शांतीच्या कपड्यावरून निंघतात.

शांती एक दिवस पोपटी पातळावर नारंगी झंपर घालून आली. मी कानात इचारलं, "कावून व, आज होळी हाये का?"

थे म्हणे, "बदामी पातळ, बदामी झंपर. त्यात होळी कायची?"

मी वाकून तिच्या डोळ्यात पाह्यलं. शांतीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तिनं माहा हात धरला. "इनोदले सांगू नोको. तो मले अकोल्याले नेईन."

इनोद तिचा पोरगा. जठारपेठेत तिसऱ्या माळ्यावर राह्यते. तिथं ना ओटा, ना आमी. माहा पोरगाबी असाच दूर गावाले. अन् ऑपरेशनचं नाव काढलं का शांती ओटा सोडून घरी!

मले काही चैन पडे ना. फोडणी टाको अन् जाळो, टीव्ही लावो अन् बंद करो.

* * *

दुसऱ्या दिवशी शांती पिवळ्यावर जांभळं घालून आली. बाकीच्या खुसखुसाले लागल्या. मी उठली, घरी गेली अन् लाल पातळावर हिरवागार झंपर चढवून आली.

"ह्याले कॉन्ट्रास्ट म्हणतात," मी म्हणलं. "मोबाईल पाहत जा जराशीक."

मी सोता चौथी पास! पण आठवडाभरात सारा ओटा फुलवाल्याच्या गाड्यावानी दिसाले लागला. आमच्यातली सुमन तं गुलाबी पातळ, निळा झंपर अन् वरून मेहंदी स्वेटर घालून निंघाली. तिची सून म्हणे, "आई, कोनाचं लग्न हाये?"

"गिरणीवर चालली व, दळण आणाले."

* * *

मॅचिंग सेंटरात शांतीनं झंपराचं कापड रितीप्रमाणं बाहेर उन्हात नेऊन पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग म्हणे, "जरासं डार्क हाये."

दुकानदारानं तेच कापड घडी बदलून हातात देल्लं.

"हां, आता कसं बराबर!"

* * *

मंग एक दिवस इनोद आला. पह्यले मायकडे पाह्यलं, मंग आमच्याकडे. "काकू, तुमीबी?"

"सारं अमरावती घालून राह्यलं बाप्पा. अकोल्यात आलं नाही का अजून?"

त्यानं बायकोले दाखवाले फोटो काढला. जाताना शांती उठली अन् रस्त्यावरच्या भलत्याच पोट्ट्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "हळू जाय रे इनोद." इनोद तिकडं पाठ करून गाडी काढून राह्यला होता. वाचलो! पण असं किती दिवस चालन?

* * *

आठवडा नाही गेला, तं मी तिले साड्यांचा सेल हाये म्हणून ऑटोत बसवलं. उतरवलं डोळ्याच्या डॉक्टरकडे. शांती खुश. दुकान लय थंडगार हाये म्हणे.

डॉक्टर म्हणाला, "आजी, समोर काय दिसते सांगा."

"भाऊ, आमी गिऱ्हाईक हाओ. दाखवाचं तुमी."

समजल्यावर तिनं माह्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. मी म्हणलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालं तं ओटा, नाही झालं तं अकोला. सांग."

 मंग म्हणे, "तू संग बसजो."

* * *

डोळे बरे झाल्यावर शांती पह्यल्यांदा ओट्यावर आली. बदामी पातळ, बदामी झंपर. आमी साऱ्या रंगीबेरंगी होऊन तिची वाट पाहून राह्यलो होतो. तिनं एकेकीले वरून खालपर्यंत पाह्यलं.  माह्याजवळ येऊन बसली, माहा हात धरला अन् कानात म्हणे,

"घाबरू नोको. तुह्या पोराले मी काही सांगत नाही."