चिमाजी दलालाची साक्ष

…तर बैल काही केल्या उठेना, इथवर काल आलो होतो. चाकणच्या भर बाजारात, विकणाऱ्याचाच दलाल असलेला हा चिमाजी गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊ नका पावनं, ह्यो औताला बसतोय." झालं! विकणाऱ्याच्या चौघा भावांनी त्याला आसुडानं असा फोडून काढला की पटका शेणात आणि चिमाजी वेशीबाहेर. मी समोर उभा राहून पोट धरून हसलो होतो. पुन्हा त्या बाजारात त्याला कुणी उभं केलं नाही.

मला तो माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाप लोकांची गुरं राखायचा. स्वतःचं वीतभर रान नाही. चाकणचा बाजार तुटल्यावर आमच्या भोसरीत खोली घेऊन राहिला आणि सत्तावन्न सालाच्या सुमारास पुण्याचे लोक कारखान्यासाठी माळ बघत फिरू लागले, तसा हा जुनी सायकल घेऊन जमिनीचा दलाल झाला. सगळ्या शिवाराचे सर्व्हे नंबर तोंडपाठ! गावात शिरला की बाया मुद्दाम त्याच्या वाटेवर खरकटं पाणी फेकायच्या. "आला बघा गाव इकणारा!" मीही त्याला कधी दारात बसवलं नाही. पण विकायचं असलं की त्यालाच बोलावणं जायचं, तेही खरं.

गावातल्या लक्ष्मणराव आणि अर्जुनराव या भावांनी माळाचं रान विकायला काढलं. बाप वर्षापूर्वीच वारलेला. गिऱ्हाइकाचा वकील म्हणाला, नवा कायदा झालाय, बहिणीचाही हिस्सा लागतो. कागदावर तिचा अंगठा हवा. बहीण गोजाबाई चाकणला दिलेली. चिमाजी म्हणाला, "मी जाऊन इचारून येतो."

लक्ष्मणराव उसळला. "इचारायचं काय त्यात? दरसाल भाऊबीजेला लुगडं देतो की! आता रानबी द्यायचं व्हय? ए दलाल, बहीण आमची का तुझी?"

मग बेत ठरला. लक्ष्मणरावाची बायको मंजुळाबाई पदर ओढून बसेल, गोजाबाई म्हणून अंगठा देईल. खरेदीखत नोंदवायच्या कचेरीत बाईची ओळख पटवायला दोन माणसं लागतात. एक मी, कारण मला सही येत होती. दुसरा चिमाजी, कारण तिथले साहेब त्याला ओळखत होते.

"दोनच शब्द बोलायचं," अर्जुनराव त्याच्या छातीवर बोट रोवून म्हणाला. "व्हय, वळखतो. न्हाई बोललास तर सायकल हिरीत, आन मागनं तू. भोसरीत पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाई."

चिमाजी सुपारी कातरत राहिला. म्हणजे कबूल झाला, असं आम्ही धरून चाललो. खोली गावात, धंदा गावात, जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं कचेरीत गेलो. वाटेत त्याच्याशी कुणी अक्षर बोललं नाही. त्याच्या शेजारची जागासुद्धा रिकामी ठेवली. माझी मान हलायला तयार होती, खोटं कशाला सांगू? मंजुळाबाई पदर पुन्हा पुन्हा पुढं ओढत होती.

साहेबांनी विचारलं, "बाई, नाव काय?"

"गोजाबाई," पदराआडून आवाज आला.

साहेब चिमाजीकडे वळले. "काय हो, या बाईंना ओळखता ना?"

लक्ष्मणरावानं मागून त्याचा सदरा मुठीत धरला. चिमाजीनं तो सोडवलाही नाही, तसाच उभा राहून बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो:

"वळखतो की सायेब. ह्या लक्ष्मणरावांच्या घरच्या, मंजुळाबाई. गोजाबाई चाकणात हाईत, त्यास्नी अजून कुनीच इचारलं न्हाई."